वाचक विचारतात : रॉकेटचा टप्पा पुण्यावर पडेल का?

प्रश्न : एका संकेतस्थळावर निकामी रॉकेटचा टप्पा ‘21.40 वाजता, ± 6 तास’ कोसळणार असं दिलंय आणि नकाशावरची रेघ पुण्यावरून जाते. काळजी करावी का? नेमकी जागा का सांगत नाहीत? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी घड्याळ जुळवा. 21.40 ही बहुधा जागतिक वेळ असते. साडेपाच तास मिळवले की आपले पहाटेचे 3.10 होतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

मग कक्षेचा कल, म्हणजे ती विषुववृत्ताशी किती अंशांचा कोन करते ते, बघा. पुणे साधारण 18.5 उत्तर अक्षांशावर आहे. कल त्याहून बराच कमी असेल तर तो टप्पा पुण्यावर येतच नाही, विषय मिटला. जास्त असेल तर पुढचा हिशेब करा. इतक्या खालची वस्तू 88 मिनिटांत एक फेरी मारते, म्हणजे ± 6 मिळून होणाऱ्या 12 तासांत आठेक फेऱ्या. दर फेरीत पृथ्वी 22 अंश फिरलेली असते, त्यामुळे आपल्या अक्षांशावर रेघ 2,300 किलोमीटर पश्चिमेला सरकते. या फेरीत पुणे, तर पुढच्या फेरीत अरबस्तान. पुण्यावरून जाणाऱ्या फार तर एक-दोन फेऱ्या, आणि शहर ओलांडायला तीन-चार सेकंद! नकाशावरचा ठिपका हा त्या 12 तासांचा फक्त मध्य असतो. तो आपल्या जवळ आहे म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

जागा ठरत नाही ती हवेमुळे. हवा जितकी जास्त अडवेल तितका टप्पा लवकर खाली येतो. 10 मीटर लांब, 3 मीटर व्यासाचा टप्पा टोकाकडून आला तर हवा त्याच्या सुमारे 7 चौरस मीटरवर अडते, आडवा झाला की 30 वर. तो गडगडत असतो, त्यामुळे सरासरी धरावी लागते. त्यात सूर्य तापला किंवा चुंबकीय वादळ आलं की वरची हवा फुगते आणि अडथळा वाढतो. फेब्रुवारी 2022 मध्ये नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी जवळपास 40 अशानेच गेले. म्हणून कोसळायला उरलेल्या वेळाच्या 20 टक्के चूक धरायचा प्रघात आहे. तीन तास उरले असले तरी ± 36 मिनिटं, सेकंदाला 7.8 किलोमीटर वेगाने हे दोन्हीकडे सुमारे 17,000 किलोमीटर भरतात. इंधन शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी : इस्रोने 7 मार्च 2023 रोजी मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह ठरवून प्रशांत महासागरात उतरवला.

प्रश्न : शेतात असा तुकडा सापडला तर? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : हात लावू नका. 2 एप्रिल 2022 रोजी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं होतं. तसं कडं त्यातल्या त्यात बरं. गोल टाकी असेल तर आत दाब किंवा विषारी हायड्रॅझिन इंधन उरलेलं असू शकतं. लांबूनच फोटो काढा, जनावरं हटवा, 112 ला कळवा. भंगारात तर अजिबात घालू नका. 1967 च्या अवकाश करारानुसार पृथ्वीवर पडल्याने त्या वस्तूची मालकी बदलत नाही; ज्या देशाच्या नोंदवहीत ती आहे त्याला ती परत करावी लागते.