कोर्स करून आली आणि घरातलं काहीच पटेना

जून उजाडला की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांसाठीचा बिझनेस कोर्स करतं, शेवटच्या दिवशी स्टेजवर आपला प्लॅन मांडून टाळ्या घेतं आणि घरी आल्यावर आठवडाभरात चिडचिड सुरू होते. कॉलेज नको, घरचा धंदा मागासलेला. आईवडील विचारतात, "मॅडम, कोर्सला घातलं हेच चुकलं का?"

चुकलं नाही. पण कोर्स संपल्यानंतरचे दिवस अवघड असतात आणि त्यांची तयारी कोणीच करून घेत नाही.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातलं एक विणकर कुटुंब यासाठीच आलं होतं. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात जाणारी. वडील म्हणाले, "पोरगी बोलतच न्हाई आमच्याशी. बोलली तर सावकारासारखा हिशोब मागत्या." घरात दोन पॉवरलूम. सूत व्यापाऱ्याचं, विणायचं यांनी, साडीमागे मजुरी ठरलेली. मुलीचं म्हणणं, मार्जिन सगळं व्यापारी खातो. आपलं सूत आणा, साडी थेट दुकानाला विका. वडील "बघू" म्हणायचे. त्या "बघू"चा तिला संताप यायचा.

ती एकटी बोलायला लागली तेव्हा रागापेक्षा एकटेपणच जास्त दिसलं. कोर्समध्ये रोज कोणीतरी विचारायचं, तुला काय वाटतं? घरी आल्यावर सुताच्या कांड्या भरायच्या आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या. मत कोणी विचारेना. मोठी माणसं हे हसण्यावारी नेतात, ते मला मान्य नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कोणीतरी गांभीर्यानं ऐकलं आणि मग ते अचानक थांबलं, हे लहान दुःख नव्हे.

मग तिला काम दिलं. प्रोजेक्टची वही काढ आणि थेट विक्रीला खेळतं भांडवल, म्हणजे विक्रीचे पैसे हातात येईपर्यंत धंदा चालवायला लागणारा पैसा, किती लागेल ते मांड. अट एकच, आकडे बाबांना विचारून घ्यायचे.

पुढच्या भेटीत वही घेऊन आली. सोपं पडावं म्हणून आकडे गोल धरले होते. महिन्याला ४० साड्या, एका साडीला सुताचे ५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,००० गुंतले. दुकानदारानं पैसे तीन महिन्यांनी दिले, तर ६०,००० बाहेर अडकले. त्या तीन महिन्यांत मजुरी बंद, घरखर्च चालूच, आणि पुढच्या बीमचं (लूमवर उभे धागे गुंडाळून चढवतात तो रूळ) सूत रोखीनंच आणायचं. खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'नफा आहे, पण पैसे कुठायत?' उधारीचा धडा कोर्समध्ये झालेला होता. स्वतःच्या घराला तो लावून बघितला नव्हता, एवढंच.

आकडे विचारता विचारता वडिलांनी जुनी गोष्ट काढली. त्यांनीही एकदा स्वतःचं सूत आणलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात लूमच्या खोलीत पाणी शिरलं, सूत भिजलं. उसनवारी करून पुन्हा माल काढला, तर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि लग्नसराईच्या साड्या घरातच पडून राहिल्या. देणं फेडलं आणि ते मजुरीवर परतले. ती तेव्हा शाळेत होती; तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. पोरांसमोर तोट्याचं बोलायचं नाही, ही आपल्या घरांतली सवय. मग पोरांना बाप भित्रा वाटतो.

वडिलांना मी सांगितलं, "नुसतं 'बघू' म्हणू नका, कारण सांगा. आणि तिचं काय बरोबर आहे तेही सांगा." बरोबर होतंच. साडीमागे यांना किती सुटतं आणि व्यापाऱ्याला किती, हे त्या घरात आजवर कोणी कागदावर मांडलं नव्हतं.

आता दर रविवारी बापलेक वही घेऊन बसतात. दोन्ही लूम व्यापाऱ्याच्याच कामावर आहेत. एका बीमपुरतं स्वतःचं सूत आणायचं आणि साड्या फक्त रोखीनं द्यायच्या, यावर तडजोड झाली आहे. गणपतीआधी आणायचं की दिवाळीनंतर, यावर अजून वाद चालू आहे. कॉलेज सोडायचा विषय तिनं परत काढलेला नाही. मीही काढला नाही.