वाजप्यांची संघटना: वर्गणी भरून हाती काय लागतं?

प्रश्न: मी फोंडा तालुक्यात तबल्याची साथ करतो. संगीत नाटकं, जत्रांतली भजनं, हंगामात हॉटेलांतल्या गझलांच्या बैठका, असं सगळं असतं. यंदा दोन ठिकाणची बिदागी बुडाली. मित्र म्हणतात, संघटनेत ये. पण वर्गणी भरून मला मिळणार काय?
– एक तबलावादक, फोंडा

उत्तर: काम मिळेल या आशेने सभासद होऊ नका. चांगली संघटना सुपाऱ्या वाटत नाही, ठरलेले पैसे मिळवून देते. आणि तुमचं दुखणं नेमकं तेच आहे.

बिदागी बहुधा एकाच कारणाने बुडते: सुपारी फोनवर ठरते आणि पैसे कोण देणार हेच कुठे लिहिलेलं नसतं. हॉटेल इव्हेंटवाल्याकडे बोट दाखवतं, इव्हेंटवाला बँडच्या म्होरक्याकडे. म्हणून संघटनेचा छापील करार हा सभासदत्वाचा पहिला फायदा. एक पान पुरतं. पैसे देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन. पोहोचायची वेळ, साउंड चेक, किती मिनिटांचे किती सेट. एकूण रक्कम, आगाऊ किती, उरलेली कधी. कार्यक्रम रद्द झाला तर किती दिवस आधी किती टक्के. गाडीभाडं आणि रात्रीचं जेवण. चित्रीकरण करून ते पुढे वापरायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे.

गोव्यात आणखी एक कलम हवंच. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतात. सरकारने खास सवलत दिलेले थोडे दिवस तेवढे मध्यरात्रीपर्यंत मुभा असते. कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू होतो, दहाला पोलीस येतात आणि आयोजक म्हणतो, ‘अर्धंच वाजवलंत, अर्धेच घ्या.’ त्यावर एकच वाक्य लिहून घ्या: आयोजकाच्या उशिरामुळे, परवान्यामुळे किंवा पावसामुळे वेळ कमी झाली तरी रक्कम पूर्ण मिळेल.

दुसरा फायदा वसुलीचा. एकटा वादक तगादा लावायला कचरतो, कारण पुढची सुपारी जाईल ही भीती असते. संघटनेचं पत्र गेलं की तो एका माणसाचा हट्ट राहत नाही. पत्राने भागलं नाही तर वकिलाची नोटीस, मग दावा. दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून 3 वर्षं असते, म्हणून व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका. लहान व्यावसायिकांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर फुकट होते. ती काम घेण्याआधीच करा. मग लेखी करार असला तरी व्यावसायिक ग्राहकाला 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

तिसरा फायदा विम्याचा. ब्रिटनमधली म्युझिशियन्स युनियन 1893 पासून आहे. वाद्यांचा विमा, कराराचा सल्ला आणि थकलेल्या मानधनाची वसुली तिथे सभासदत्वातच येते. आपल्याकडे संघटनेने निदान गट म्हणून वाद्यांच्या विम्याचे दर मागवावेत. पॉलिसी घेताना एक गोष्ट विचारा: वाद्य गाडीत किंवा रंगमंचाच्या मागे असताना संरक्षण आहे का? बहुतेक भांडण तिथेच होतं. वाद्यांचे फोटो आणि बिलं आजच एकत्र ठेवा. रात्री-बेरात्री प्रवास करणाऱ्याने वर्षाला 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमाही काढावा. अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, वय 18 ते 70.

वर्गणी देण्याआधी नोंदणी क्रमांक, पावती आणि गेल्या वर्षीचा तपासलेला हिशेब मागा. हिशेब दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका.

प्रश्न: आम्ही घुमट आरती आणि दशावतारात वाजवणारे अकरा जण आहोत. ट्रेड युनियन करावी की संस्था?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: अकरा जणांना आज संस्था सोपी. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला 7 जण पुरतात. युनियनलाही 7 लागतात, पण शिवाय त्या व्यवसायातल्या कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यांतला लहान आकडा गाठावा लागतो. ‘तुमचा मालक कोण?’ ही हरकतही येऊ शकते. अहमदाबादच्या ‘सेवा’ला स्वयंरोजगारी बायकांची युनियन नोंदवताना हीच हरकत ऐकावी लागली होती, तरी 1972 मध्ये नोंदणी झाली. तेव्हा वाट बंद नाही. हॉटेलात किंवा कॅसिनोत पगारावर वाजवणाऱ्यांनी मात्र युनियनच करावी, कारण मालकाशी सामूहिक वाटाघाटी हे तिचंच काम.

नियमावलीत बँक खात्यावर दोन सह्या ठेवा. ‘बिगर-सभासदाबरोबर वाजवू नये’ असा ठराव कधीही करू नका. बाजारातली स्पर्धा अडवायला मनाई करणाऱ्या स्पर्धा कायद्याखाली तो अंगाशी येतो.

प्रश्न: नाट्यगीतांच्या कार्यक्रमाच्या बिदागीतून आयोजकाने ‘जीएसटीचे’ म्हणून पैसे कापले. हे बरोबर का?
– एक गायिका, डिचोली

उत्तर: नाही. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाची बिदागी दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे. बाकीच्या गाण्यांचे कार्यक्रम धरूनही वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. कापलेले पैसे टीडीएसचे, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या आयकराचे, असतील तर त्याचा दाखला मागा आणि आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर रक्कम दिसते का ते बघा. दिसत असेल आणि कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरून परतावा मिळतो. दिसत नसेल तर आयोजकाला लेखी विचारा. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांवर जाते, म्हणून तो सुपारीच्या कागदावरच लिहून द्या.