मक्याच्या पानाचा अभ्यास सुरू करताना

जनुकांची नावे पाठ करण्याआधी आपण शेतात जाऊन, खोडाला वेढणारे आवरण संपून पाते जिथे सुरू होते ती जागा नीट पाहावी, कारण तिथली पापुद्र्यासारखी जिभली लिग्युललेस-१ हे जनुक निकामी झाल्यास खालच्या पानांवर तयारच होत नाही आणि पाने उभट राहतात. मला मात्र नॉटेड-१ अधिक बोधप्रद वाटते. वनस्पतींमध्ये सर्वप्रथम सापडलेले हे होमिओबॉक्स जनुक (१९९१), म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणाऱ्या गटातले जनुक, एरवी शेंड्याच्या वाढबिंदूत सक्रिय असते आणि नवे पान जिथे फुटणार तिथे गप्प होते. प्रभावी उत्परिवर्तनामुळे, म्हणजे एकाच प्रतीत असूनही परिणाम दाखवणाऱ्या जनुकीय बदलामुळे, ते पानातही चालू राहिले, तर शिरांलगत गाठी उठतात. म्हणून गाठ दिसताच जनुक निकामी झाल्याची नोंद करू नये (ही चूक मीही केली आहे). ते भलत्या जागी चालू आहे का, हे आधी तपासावे.