गोव्यात सामान्य घरातून वर येऊन समाजाला परत देणारा उद्योजक कोण?

गोव्यात गरिबीतून वर येऊन उद्योगात यशस्वी झालेली आणि मिळवलेले समाजासाठी वापरणारी व्यक्ती कोण, असे आपण विचारले आहे. खाण उद्योजकांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या संस्था येथे बऱ्याच आहेत. मडगावचे चौगुले आणि पणजीचे धेंपे ही दोन्ही महाविद्यालये 1962 सालची. तरीही माझे उत्तर दयानंद बांदोडकर, म्हणजेच आमचे भाऊसाहेब, हेच राहील.

त्यांचा जन्म 1911 साली पेडण्यात, गोमंतक मराठा समाजातील सामान्य कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले, आणि स्वतःच्या हिमतीवर ते खाणव्यवसायात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते आणि पोर्तुगीज सरकार खाणींचे परवाने देत होते. डोंगरातले खनिज नदीकाठी आणायचे, तेथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात न्यायचे आणि जहाजात भरायचे, असा हा व्यवसाय होता. तोवर गोव्यात श्रीमंती म्हणजे बहुधा वारशाने आलेले भाट, म्हणजे जमीन-बागायत. खाणींमुळे प्रथमच वारसा नसलेल्या माणसालाही मोठे होता आले. त्याच खाणींनी पुढे डोंगर पोखरले आणि शेतांत गाळ आणला, हे वगळून भाऊसाहेबांविषयी बोलणे मला प्रामाणिक वाटत नाही.

मुक्तीपूर्वीही त्यांचा हात सढळ होता. परंतु देणगी देऊन ते थांबले नाहीत, म्हणून मी त्यांचे नाव घेतो. 20 डिसेंबर 1963 रोजी ते पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघू लागल्या. पेडणे तालुक्यातील आमच्या वाड्याजवळ अशीच मराठी शाळा सुरू झाली आणि माझी आई त्या शाळेत गेली. आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेली ती पहिली मुलगी. माझे आजोबा भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, शेत कसत असत. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला मनमानीने शेतावरून काढण्यास आळा बसला. स्वतः धनिक असलेल्या माणसाने जमीनदारांची नाराजी ओढवून घेऊन हा कायदा करावा, याचे मोल मला कोणत्याही देणगीपेक्षा अधिक वाटते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्यांची भूमिका मला पटत नाही, आणि 1967 च्या जनमत कौलात लोकांनीही ती नाकारली; तरी त्यानंतरच्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले.

12 ऑगस्ट 1973 रोजी, मुख्यमंत्रिपदी असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा 1975 चा मुंडकार कायदा आणि कुळांना कसत्या जमिनीची मालकी देणारी 1976 ची कूळ कायद्यातील पाचवी दुरुस्ती झाली. पुढे एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आजोबांचे नाव कूळ म्हणून लागले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नसल्याने तो उतारा आईनेच त्यांना वाचून दाखवला होता.