दहावीनंतर भावाने कॉलेजला जावं की अब्बांच्या गॅरेजात?

तुमचा प्रश्न असा: धाकटा भाऊ मुंब्र्यात उर्दू माध्यमातून दहावी झालाय, गणित चांगलं आहे. अब्बा म्हणतात गॅरेजवर ये, अम्मी लोकलने लांब पाठवायला राजी नाही. घरच्यांशी भांडायचं कसं?

भांडू नका. मी मुंब्र्यातच, कौसा भागात शिकवतो, निकालानंतर पोरांचे फॉर्म भरून देतो. आमच्याकडे मुली नेटाने शिकतात, पोरं मध्येच गळतात. घरच्यांना शिक्षण नको असतं म्हणून नव्हे, पोरावर भिस्त असते म्हणून.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. पोरगं सायबर कॅफेत गुपचूप चर्चगेटचं कॉलेज टाकून येतं, घरी कळतं ते यादी लागल्यावर, आणि सगळं तिथेच फिसकटतं. म्हणून फॉर्म भरताना अब्बांना शेजारी बसवा. एक बेकरीवाले असेच माझ्या बाजूला गप्प बसून होते. फीचं नाही, मार्कांचं नाही, विचारलं एवढंच: "सर, कॉलेज सुटतं किती वाजता?" दुपारी गल्ल्यावर माणूस हवा होता. सकाळची पाळी बघून दिली, विषय मिटला.

तुमच्या भावाला मात्र मी अकरावीपेक्षा मेकॅनिकलचा डिप्लोमा सुचवेन. तीन वर्षांचा, पुढे इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि अब्बांनाही गॅरेजच्या कामाचं काहीतरी शिकतोय हे पटतं. भायखळ्याच्या साबू सिद्दीक पॉलिटेक्निकला इकडची पोरं जातात. (डिप्लोम्याचा प्रवेश अकरावीहून वेगळा असतो, तारखांवर लक्ष ठेवा.)

अम्मींची भीती हसण्यावारी नेऊ नका. 9 जून 2025 ला मुंब्रा स्टेशनजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं गेली. तेव्हा यादीत ठाण्यातलं किंवा कळव्यातलं एखादं कॉलेज असू द्याच.

अजून एक. घरात शेवटचा शब्द बरेचदा अब्बांचा नसतोच, आखातात नोकरीला असलेल्या मोठ्या भावाचा किंवा मामूंचा असतो. फी ते भरणार असतील तर आधी त्यांना फोन लावा, ड्यूटी सुटल्यावर, आणि बोलू दे धाकट्यालाच. तरी पैसे कमी पडले तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागेल, तो आजच काढायला टाका.