नाताळ नुसता सेल आणि पार्टीपुरता उरलेल्या देशात श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस आपला सण कसा पाळतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. युरोपात नाताळ म्हणजे रोषणाई, खरेदी आणि खाणंपिणं एवढाच उरला असेल, तर तिथले श्रद्धाळू ख्रिस्ती तो पाळतात कसा? त्यांना या सगळ्याचा राग येत नाही का? आणि आपल्यासारख्या हिंदू माणसाने त्यांना शुभेच्छा दिल्या तर चालतं का?

अख्ख्या युरोपाचा वकील मी नाही, माझ्या घरापुरतं सांगतो. मी नगर जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही), आणि गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो.

आधी रागाचं. यायचा, भरपूर यायचा. इथे ऑगस्ट संपता संपता दुकानांत सिंटरक्लासची छोटी मसालेदार बिस्किटं रचून ठेवतात. सिंटरक्लास म्हणजे लाल झग्यातला, पांढऱ्या दाढीचा बिशप. नोव्हेंबरच्या मध्यावर तो बोटीतून येतो आणि ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी मिळतात. तो गेला की झाडं, दिवे, माळा. मग ऑफिसातून प्रत्येकाला नाताळचा खोका मिळतो. त्यात चीज, बिस्किटं, वाईनची बाटली, एखादी मेणबत्ती. पहिल्या वर्षी मी तो खोका घरी आणून तळापर्यंत उपसला होता. येशूचं नाव नाही, गव्हाणी नाही, साधी चांदणीसुद्धा नाही. रेनडिअर छापलेले कागदी रुमाल होते. २५ तारखेला घरोघरी टेबलाच्या मधोमध विजेचा तवा ठेवतात आणि जो तो आपापले मांसाचे तुकडे भाजून खातो. २६ तारखेलाही सुट्टी असते. त्या दिवशी अर्धं शहर फर्निचरच्या दुकानांत जातं. थट्टा नाही, खरंच जातात.

मला वाटायचं, घर त्यांचं, सण त्यांचा, आणि ज्याचा वाढदिवस त्यालाच आमंत्रण नाही.

हा राग उतरला तो चर्चमधल्या म्हाताऱ्या लोकांमुळे. आमच्या इथल्या मंडळीत सत्तरी-ऐंशीचे बरेच डच आहेत. नाताळ जवळ आला की ते उदास होतात. त्यांच्या लहानपणी अख्खा रस्ता चर्चला निघायचा. आता त्यांची नातवंडं येत नाहीत आणि चर्चच्या इमारती विकल्या जातात. मास्त्रिख्तला तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं दुकान आहे (दुकान सुंदर आहे, मी तिथून पुस्तकं घेतली आहेत, आणि प्रत्येक वेळी थोडं अपराधी वाटलं आहे). सरकारी आकडेवारीनुसार २०१७ मध्ये इथे कुठलाच धर्म न मानणारे पहिल्यांदा निम्म्याहून जास्त झाले. त्या आजोबांचं दुःख खोटं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा देश दुसऱ्याचा झाला.

पण ते ऐकताना एक दिवस माझ्या लक्षात आलं, की हे दुःख माझं नाहीच. मी ते त्यांच्याकडून उसनं आणलं होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. आमच्या गावात आमचा सण म्हणून बाजार कधी बदलला नाही. आम्ही पाच-पंचवीस घरं, एक पेटी, एक ढोलकी, दोन टाळांच्या जोड्या. थंडीत कानाला मफलर बांधून रात्री घरोघर गाणी म्हणत हिंडायचं. एखादं कुत्रं भुंकायचं. शेजारची हिंदू घरं दार उघडून ऐकायची, चहा द्यायची. फराळ दिवाळीसारखाच असायचा, करंज्या, चकल्या, शंकरपाळे. आजूबाजूला ताटं वाटून यायचं. आजूबाजूचं जग आपल्या सणात सामील होईल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे ते झालं नाही म्हणून रडायचंही नव्हतं.

आणि पुण्यात नोकरी करत होतो तेव्हाची गंमत सांगू? परदेशी ग्राहकांना नाताळची रजा होती, म्हणून त्यांची यंत्रणा सांभाळायला २४ च्या रात्री मी हिंजवडीत सपोर्टला बसलो होतो. टीममध्ये ख्रिस्ती मी एकटाच. साहेब म्हणाले, “सुट्टी तर उद्याची आहे ना?” बरोबरच होतं त्यांचं. रात्री साडेअकराला जिन्यात जाऊन मोबाइलवर बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, वाचला आणि परत जागेवर येऊन बसलो.

त्या अध्यायात येशूच्या आईवडिलांबद्दल एक वाक्य आहे: “कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती.” हे मी आजीकडून ऐकत आलोय. तिला वाचता येत होतं बेताचंच, पण हा अध्याय पाठ होता. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा आला तो १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. वस्ती गावकुसाबाहेरची, जात तुम्ही ओळखली असेलच. “पोटासाठी बाटले” हा टोमणा माझ्या वडिलांनीही ऐकला आहे. आजी त्यावर भांडायची नाही. ती म्हणायची, “गावात जागा नव्हती म्हणून तोबी भाईरच जन्मला. आन् सांगावा आधी कुणाला? धनगरास्नी.” आमच्या शिवारात धनगर मेंढ्या बसवायचे, त्यामुळे तिच्या डोळ्यांपुढचे बेथलेहेमचे मेंढपाळ घोंगडी पांघरलेलेच होते. तिच्या हिशेबी नाताळ हा बाहेर राहिलेल्यांचा सण होता, बाजाराचा आणि दरबाराचा नव्हताच. रोमचा सम्राट कैसर औगुस्त त्या गोष्टीत येतो तो फक्त शिरगणती करायला.

एक ऐतिहासिक भानगडही इथे सांगण्यासारखी आहे. नगरला १८३१ मध्ये मिशन सुरू केलं ते अमेरिकन मराठी मिशनने. तिथले बहुतेक मिशनरी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक साधेपणाच्या ख्रिस्ती परंपरेतून आलेले. त्यांच्या पूर्वजांनी १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली होती, करणाऱ्याला पाच शिलिंग दंड! कारण काय, तर बायबलमध्ये ही तारीख नाही आणि लोक त्या दिवशी नुसती दारू पिऊन धिंगाणा घालतात. १६८१ मध्ये बंदी उठली, तरी तिथे २५ डिसेंबरची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. तेव्हा आमच्या नगरच्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाला चौदा वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही शुभवर्तमान ऐकलं, त्यांच्याच घरी नाताळला मान नव्हता. त्यामुळे “पूर्वी सगळे भक्तिभावाने नाताळ पाळायचे, आता बिघडलं” असं कोणी म्हणालं की मी जरा हसतो. धिंगाणा जुनाच आहे, हल्ली त्याला सवलतीची कुपनं जोडली आहेत, एवढंच.

आता प्रत्यक्ष काय करतो ते.

आमचा डिसेंबर हा मुळात वाट बघण्याचा महिना. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. हिरव्या डहाळ्यांच्या गोल कड्यात चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत्या लावत जायच्या. इथे त्या दिवसांत सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो, तेव्हा एका मेणबत्तीचा उजेड म्हणजे काय हे नगरपेक्षा इथे जास्त कळतं. जेवणाआधी मेणबत्ती लावतो, बायबलमधल्या यशयातला किंवा लूकमधला एक उतारा मराठीत वाचतो, एक गाणं म्हणतो. दहा मिनिटं. मुलगी आठ वर्षांची आहे. मराठी वाचताना अडखळते, ‘गव्हाणी’ म्हणजे काय हे तिला यूट्यूबवर गोठा दाखवून समजवावं लागलं. दहापैकी चार दिवस आम्ही दमलेले असतो आणि वाचन राहतं. राहतं तर राहतं.

खरेदीचं म्हणाल तर आम्ही काही संन्यासी नाही. झाड आणतो, मुलीला भेट देतो. पण बायकोने एक नियम घातला आहे: भेटींवर जेवढे खर्च होतील तेवढेच पैसे बाहेर द्यायचे. अर्धे इथल्या फूड बँकेला, अर्धे गावाकडे एका मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठी. पहिल्या वर्षी हिशेब केला आणि मुलीची सायकल लहान आकाराची निघाली.

ऑफिसात मात्र मी एकदा फार वाईट वागलो. इथे लोक “नाताळच्या शुभेच्छा”ऐवजी “सणाच्या दिवसांच्या शुभेच्छा” म्हणतात. तिसऱ्या वर्षी एका सहकारी बाईंनी तसं म्हटलं, तर मी फटकन म्हणालो, “कुठला सण? नाव घ्यायला लाज वाटते का?” त्या तुर्की वंशाच्या, मुसलमान. मला बरं वाटावं म्हणून आठवणीने माझ्या टेबलापाशी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, “तुमचा तो निकोलस आमच्याकडचा आहे, माहीत आहे ना?” खरंच आहे. ज्याचा पुढे सिंटरक्लास आणि सांता झाला, तो संत निकोलस चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप होता, आणि मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे, की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते द्या “सौम्यतेने व भीडस्तपणाने”. भीडस्तपणा हा मराठी बायबलमधला माझा सगळ्यात आवडता शब्द आहे, आणि त्या दिवशी माझ्याकडे तो औषधालाही नव्हता.

भारतातल्या आणि इथल्या माणसांत एक फरक आहे. पुण्यात कोणाला सांगितलं, मी चर्चला जातो, तर समोरचा म्हणायचा, “वा, आम्हाला पण एकदा बघायचं आहे.” देव म्हटला की आपल्याकडे हात आपोआप जोडले जातात. इथे ऑफिसच्या पार्टीत “नाताळला काय करणार?” असं विचारल्यावर मी “चर्चला जाणार” म्हणालो, तर टेबलावर शांतता पसरली. कोणी काही वावगं बोललं नाही, फक्त सगळ्यांनी ग्लासाकडे बघितलं. त्यांनी हा धर्म पाहिलेला आहे आणि पाहून सोडलेला आहे. कोणाच्या घरी त्याने जाच केला असेल, कोणी नुसते कंटाळले असतील. त्यांना प्रवचन देणारा मी कोण? पण थोड्या वेळाने एक सहकारी कॉफीच्या मशीनपाशी येऊन म्हणाला, “माझी आजी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.” त्या वर्षी २४ च्या रात्री तो माझ्याबरोबर उपासनेला आला. इथे वर्षभर रिकामी असणारी चर्च त्या एका रात्री गच्च भरतात. सगळी गाणी त्याला पाठ होती, मला पुस्तकात बघावी लागत होती. त्यानंतर तो पुन्हा कधी आला नाही. मीही विषय काढलेला नाही.

आमचा खरा नाताळ २५ च्या दुपारी जेवणाच्या टेबलावर होतो. त्या दिवशी इथे एकट्या माणसाचे फार हाल. दुकानं बंद, बस कमी, आणि डच लोक सण आपल्या घरच्यांत करतात. आम्ही नोव्हेंबरपासूनच कानोसा घेतो, कोण एकटं आहे. मागच्या वर्षी नऊ जण होते: दोन मराठी विद्यार्थी, एक पोलिश गवंडी, खालच्या मजल्यावरच्या विधवा आजी, बीडचं एक जोडपं आणि आम्ही तिघं. मटणाचा रस्सा, भात, कांदा-लिंबू. विद्यार्थ्यांपैकी एक माळकरी घरातला, त्याच्यासाठी वांग्याचं भरीत आणि भाकरी. जेवणाआधी मी मराठीत प्रार्थना करतो, मोजून एक मिनिट. आधी सांगतो की ज्याला नको त्याने खुशाल नुसतं बसावं. डच आजींना एक अक्षर कळत नाही, पण ‘आमेन’ सगळ्यात मोठ्याने त्याच म्हणतात. पोलिश भाऊंनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायला लावलं, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी. ते आता आम्ही दरवर्षी मांडतो. आजवर कोणी आलेलं नाही. एकदा कुरिअरवाला आला होता, पण त्याला घाई होती. दोन करंज्या घेऊन गेला.

शुभेच्छांचं विचारलंत. जरूर द्या, त्यात विचारण्यासारखं काहीच नाही. आमच्याकडचे जुने लोक नुसतं “सलाम” म्हणतात, तेवढंही पुरे. आणि २५ तारीख हुकली तर ओशाळू नका. दुकानांचा नाताळ त्या दिवशी संपतो. चर्चच्या पंचांगात तो त्या दिवशी सुरू होतो आणि ६ जानेवारीला मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या, सणापर्यंत चालतो. तेव्हा फोन २८ ला करा, ३ ला करा. घरी आलात तर चकल्या नक्की मिळतील. करंज्यांची खात्री देत नाही.