वर्षभर ऑलिंपिकच, मग अभ्यास कधी?

"मॅडम, शाळेत जूनपासून ऑलिंपिकच चाललंय. पुढच्या वर्षी पाचवीची शिष्यवृत्ती आहे आणि आमच्या मुलाला तर खेळही जमत नाही. ना धड अभ्यास, ना धड खेळ, असं व्हायला नको." २०२४ च्या ऑगस्टअखेरीस एका आईने मांडलेली ही काळजी तिच्या एकटीची नव्हती. वर्षभरासाठी एक विषय घेऊन त्याभोवती भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि चित्रकला गुंफण्याचा प्रयोग आता आपल्याकडच्या काही प्राथमिक शाळाही करतात. तो विषय खेळाचा असला की पालकांच्या मनात हमखास दोन शंका येतात: पुस्तक मागे पडेल का, आणि जे मूल मैदानावर मागे आहे ते वर्षभर मागेच राहील का? पहिल्या शंकेचे उत्तर बहुतेक वेळा मुलाची वही उघडली की मिळते. दुसरी शंका अधिक बोचणारी असते आणि म्हणूनच पालक ती पहिलीच्या आडून बोलतात. येथे सांगितलेल्या प्रकरणात मूल, कुटुंब आणि शाळा ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. त्याला केतन म्हणू. जळगाव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, वडिलांचे कृषी सेवा केंद्र, घरी आई, आजी आणि धाकटी बहीण. तक्रार होती पोटदुखीची. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्या दिवशीचे पहिले दोन तास मैदानावर असत. शुक्रवारी रात्रीची जेवणे आटोपली की केतनचे पोट दुखू लागे आणि शनिवारी शाळा सुटण्याच्या सुमारास ते आपोआप थांबे. बालरोगतज्ज्ञांनी तपासले होते, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली होती, जंतांचे औषध देऊन झाले होते, परंतु काही निघाले नव्हते. (हा क्रम पाळलाच पाहिजे. मुलाची पोटदुखी आधी डॉक्टरांकडे गेली पाहिजे; 'टेन्शनमुळे असेल' असा निष्कर्ष घरी किंवा माझ्यासारख्या समुपदेशकाच्या खोलीत परस्पर काढणे धोक्याचे असते.) आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली होती. "पोऱ्या काहीच बोलस नही," एवढेच ती सुनेच्या मागे बसून म्हणाली, आणि त्या भेटीत कुणी सांगितलेली सर्वांत नेमकी गोष्ट तीच होती.

वडिलांचे मत वेगळे होते. कॉलेजच्या कबड्डी संघात ते चढाई करत. "पोटबिट काही नाही, पळायचा कंटाळा आहे," असे सांगून त्यांनी केतनला पहाटे पाच वाजता उठवून पाटाच्या रस्त्याने पळायला न्यायला सुरुवात केली होती, आणि त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचा सराव संचही आणून ठेवला होता. मुलाने खेळात नाव काढावे आणि शिष्यवृत्तीच्या यादीतही यावे, अशी अपेक्षा आपल्याकडे एका दमात बोलून दाखवली जाते आणि बोलणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला 'तुला काय वाटतं?' असे विचारून फारसे हाती लागत नाही. मी कागद, पट्टी आणि रंगीत खडू पुढे केले आणि शाळेतला शनिवार काढायला सांगितले. मैदान येईल, धावणारी मुले येतील अशी माझी अटकळ होती. केतनने मैदान काढलेच नाही. त्याने वर्गाची भिंत काढली, फळ्याशेजारी पट्टीने आखून एक तक्ता काढला, तक्त्यात चार झेंडे आणि प्रत्येक झेंड्यापुढे ओळीने गोळे. गोळे कसले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ती झाकणं आहेत, सोड्याच्या बाटल्यांची. सरांनी रंगवलीत. सोनेरी, चंदेरी आणि तांब्याच्या रंगाची." शाळेने वर्गाचे चार गट केले होते, प्रत्येक गटाला एक देश दिला होता आणि जिंकलेली झाकणे गटापुढच्या खिळ्यांना अडकवली जात. केतन जपानमध्ये होता. बाकीच्या ओळींत सहा, सात, आठ झाकणे, जपानपुढे दोन.

"दोनच का रे?"

"रिले माझ्यामुळे हरतो आम्ही. मग ते म्हणतात, तू दुसऱ्या देशात जा."

त्या दोनांपैकी एक झाकण केतननेच एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणून मिळवले होते. ते त्याला बऱ्याच वेळाने, मी खोदून विचारल्यावर आठवले; गटातल्या कुणाला तर ते आठवतही नव्हते. तक्ता फळ्याला लागून असल्यामुळे भागाकार सोडवताना आणि कविता म्हणतानाही तो समोरच असे. शनिवारचे दोन तास सोमवार ते शुक्रवार भिंतीवर टांगलेले होते, असे म्हटले तरी चालेल.

बालवाडीतले मूल 'मी खूप जोरात पळतो' असे म्हणते आणि त्याला ते खरेच वाटते. सात-आठ वर्षांच्या पुढे मुले स्वतःला इतरांच्या शेजारी उभे करून मोजू लागतात आणि 'मी सगळ्यांत शेवटी येतो' हे वाक्य प्रथम याच वयात ऐकू येते. त्यात विकृत काही नाही. वाढीचा तो एक टप्पा आहे. परंतु नेमक्या याच वयात ते मोजमाप कुणी रंगवून भिंतीवर लावले, तर मुलाला त्यापासून सुटका राहत नाही. पोटदुखी हे मुलाने रचलेले सोंग नव्हते, हे वडिलांना समजावण्यात एक संपूर्ण भेट गेली. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, पोटात खरोखर कळ येते आणि ती कळ मुलाला तितकीच दुखते, हे त्यांना पटले ते त्यांच्याच आठवणीने: मोठ्या सामन्याच्या आधी ते स्वतः काही खाऊ शकत नसत.

पालकांच्या परवानगीने मी वर्गशिक्षकांना भेटले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तक्रार ऐकणाऱ्याचा कल शाळेला दोष देण्याकडे झुकतो: या शिक्षकांनी केलेले काम उत्तम होते. पिअर द कुबेर्तँ यांनी १९१३ मध्ये पाच वर्तुळांचे चिन्ह तयार केले, तेव्हा पाच रंग आणि मागची पांढरी पार्श्वभूमी मिळून त्या काळच्या सर्व सहभागी देशांच्या झेंड्यांतले रंग त्यात येत, हे सांगून त्यांनी मुलांना जगाच्या नकाशावर झेंडे शोधायला लावले होते. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांचे गोळेश्वर आणि पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेचे कांबळवाडी मुलांनी महाराष्ट्राच्या नकाशावर शोधले होते.

सर्वांत रंगलेला पाठ भालाफेकीचा होता. पॅरिसच्या अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमची फेक ९२.९७ मीटर आणि नीरज चोप्राची ८९.४५ मीटर, हे अंतर डोळ्यांनी दिसावे म्हणून १० ऑगस्टच्या शनिवारी शर्यती बाजूला ठेवून सर्वजण टेप घेऊन मैदानावर उतरले. शाळेचा टेप ३० मीटरचा आणि मैदान त्याहून दुप्पट-सव्वादोनपट लांब, त्यामुळे मोजणी कुंपणाबाहेर, शेजारच्या कपाशीच्या बांधावर गेली. चिखलात चपला रुतत होत्या. तिसरा टेप पूर्ण व्हायला ५५ सेंटिमीटर उरले होते तिथे नीरजची काठी रोवली आणि तिसरा टेप संपल्यावर आणखी २ मीटर ९७ सेंटिमीटरवर अर्शदची. टेपचे पुढचे टोक धरून सर्वांत पुढे चाललेला मुलगा केतन होता. "त्या दिवशी तो मागे राहिलाच नाही, मॅडम," असे शिक्षक म्हणाले. मी आईला तारीख सांगून विचारले, तेव्हा तिलाही आठवले की आदल्या रात्री त्याचे पोट दुखले नव्हते; दोघा बहीण-भावांनी सामना पाहायचा म्हणून रात्री उशिरापर्यंत हट्ट धरला होता. केतनच्या वहीत दोन फेकींची वजाबाकी होती, उत्तर ३ मीटर ५२ सेंटिमीटर, आणि खाली त्याने आपल्या मनाने एक ओळ लिहिली होती की आमचा वर्ग यापेक्षा लांब आहे. अभ्यास बुडतो आहे का, या प्रश्नासाठी मी आईपुढे तेच पान उघडले.

त्यामुळे दुखणे कुठे आहे ते पुरते स्पष्ट झाले. मुलाचे मैदानाशी वैर नव्हते आणि विषयाशी तर नव्हतेच. त्याला सोसत नव्हती ती पदकतालिका. शिक्षकांना ते पटकन मान्य झाले नाही. "स्पर्धा काढून टाकली तर मुलं पळणारच नाहीत," हा त्यांचा आक्षेप होता आणि तो खोडून काढण्याजोगा नव्हता, कारण बाकीच्या बहुतेक मुलांना तो तक्ता प्रिय होता. मी त्यांना ऑलिंपिकचाच दाखला दिला. ऑलिंपिकच्या सनदेत असे म्हटले आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या असतात, देशादेशांमधल्या नव्हेत. पॅरिसमध्ये भारताला ६ पदके मिळाली आणि त्याखेरीज ६ वेळा चौथा क्रमांक आला. मीराबाई चानूने एकूण १९९ किलो वजन उचलले आणि कांस्यपदक २०० किलोला गेले. तालिकेत त्या एका किलोची कुठेच नोंद नसते. ज्या तक्त्यात मीराबाई दिसत नाही, त्यात एकोणतिसाचा पाढा कसा दिसणार?

शिक्षकांनी आधी एक उपाय सुचवला: केतनला कायमचा पंच करू, शिट्टी आणि नोंदवही देऊ. हा उपाय अनेक शाळांत योजला जातो आणि मोठ्यांना तो दयाळूपणाचा वाटतो, परंतु मी त्याला ठाम नकार दिला. पंच व्हायची पाळी सर्वांवर यावी. एकाच मुलाला वर्षभर शिट्टी देणे म्हणजे 'तुझे मैदानात काम नाही' हे त्याला मानाने सांगणे होय.

अखेर जे ठरले ते साधे होते. रिले आणि इतर शर्यती चालूच राहिल्या, परंतु गट दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून नव्याने पडू लागले, म्हणजे कुठल्याच देशाला कायमचा शेवटचा क्रमांक आणि कायमचा अपराधी उरला नाही. निकाल फळ्यावर लिहिला जाई आणि घंटा झाली की पुसला जाई. झाकणे खिळ्यांवरून उतरली आणि गणिताच्या तासाला मोजणीसाठी डब्यात गेली. प्रत्येक मुलाने आपापली नोंदवही केली: जागेवरून मारलेली लांब उडी, चेंडूफेक, दोरीवरच्या उड्या, दर पंधरवड्याला आपलाच आधीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी.

योगायोगाने २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात पॅरिसमध्येच पॅरालिंपिक झाले आणि शिक्षकांनी ते नुसते बातमीपुरते न ठेवता त्यातले वर्गीकरण शिकवले. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक जिंकले ते एफ ४६ या गटात, म्हणजे हाताच्या अपंगत्वासह उभ्याने फेक करणाऱ्या खेळाडूंच्या गटात. कुणाची तुलना कुणाशी करायची, हे तिथे स्पर्धेच्या आधी विचारपूर्वक ठरवले जाते. हा मुद्दा चौथीच्या मुलांना समजतो, आणि माझ्या अनुभवात तो कित्येक पालकांपेक्षा लवकर समजतो.

घरी दोन बदल केले. पहाटेचे पळणे थांबवले. त्याऐवजी दुकान बंद झाल्यावर वडील दोन्ही मुलांसोबत गल्लीत लगोरी खेळू लागले, ज्यात त्यांचा स्वतःचा नेम वारंवार चुकत असे. आणि शनिवारी दुपारी दारातच विचारला जाणारा 'कितवा आलास?' हा प्रश्न बंद झाला. वडिलांना दुसरा बदल पहिल्यापेक्षा जड गेला.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शुक्रवारची पोटदुखी जवळजवळ थांबली होती. जानेवारीत वार्षिक क्रीडा सप्ताहाच्या तोंडावर ती पुन्हा उद्भवली, आणि आई घाबरून फोनवर म्हणाली की सगळे मुसळ केरात गेले. तसे नव्हते. जुनी भीती मोठ्या प्रसंगाआधी डोके वर काढते. त्या वेळी मुलाला घरी न ठेवता, त्रास मान्य करून, शाळेत पाठवणे हेच योग्य असते, आणि तसेच केले. त्याच महिन्यात दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि शाळेत सगळ्यांना खो-खोचे वेड लागले. केतनही पाटीत बसू लागला. खो मिळाल्यावर उठायला त्याला अजून उशीर होतो. नोंदवहीतली त्याची उडी सप्टेंबरात ९६ सेंटिमीटर होती, मार्चमध्ये १ मीटर ९ सेंटिमीटर झाली. वर्गाच्या मानाने ती आजही आखूडच आहे. गणितात तो होता तसाच चांगला आणि शुद्धलेखनात होता तसाच कच्चा राहिला, म्हणजे ऑलिंपिकने त्याच्या अभ्यासाचे काही बिघडवले नाही आणि ऱ्हस्व-दीर्घही सुधारले नाहीत.

अशी काळजी असलेल्या पालकांनी पालकसभेत 'हे सगळे कशाला?' असे विचारण्याऐवजी काही नेमके विचारावे: या विषयातून या महिन्यात गणिताचे आणि भाषेचे कोणते घटक झाले, वर्गात गुणांचा किंवा पदकांचा तक्ता कायम लावलेला आहे का, गट बदलतात का, आणि मागे पडणाऱ्या मुलाच्या प्रगतीची नोंद कुठे होते? पोटदुखी, डोकेदुखी किंवा उलटी ठरावीक वारीच होत असेल, झोप उडाली असेल किंवा मूल शाळेत जायलाच नकार देत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तपासण्या ठीक आल्या तर दोन-तीन आठवड्यांहून अधिक वाट न पाहता समुपदेशकाला भेटावे. तालुक्याच्या गावी समुपदेशक नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाता येते, आणि तिथवर जाणेही लगेच शक्य नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.